कापलेला हात पार्टीकडे आहे आणि ओग्रे मेज मोकळा फिरतोय. पुढे काय करू?

घाटातला_डीएम

नमस्कार मंडळी. दर दुसऱ्या शनिवारी आमच्या घरी, ठाण्यात, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ) चालतं. पाच खेळाडू, एक मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा, आणि जेवणाचं टेबल, जे बायकोला रात्री साडेअकरापर्यंत परत हवं असतं. पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं, पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, सहाव्या लेव्हलला. नवीन पुस्तकं आली आहेत हे मला माहीत आहे. कृपया तो विषय काढू नका, जुन्यांचे पैसे अजून वसूल व्हायचेत.

तर तीन सेशन मी एका ओग्रे मेजची, म्हणजे जादू येणाऱ्या राक्षसाची, हवा केली. पुस्तकात त्याला आता ओनी म्हणतात, पण आम्ही जुनंच नाव धरून बसलोय, कारण ‘ओनी आला’ म्हटलं की आमचा बार्ड (गाणारं पात्र) ‘कोणी आला?’ विचारतो आणि हा पीजे त्याला अजून पुरत नाही. गावातली पोरं रात्री गायब होतात, कडी आतून लावलेली, कुत्री भुंकत नाहीत, भर उन्हाळ्यात अंगणातल्या हंड्यावर बर्फाचा पापुद्रा. वातावरण असं जमलं होतं की रोग, म्हणजे चोराचं पात्र, खेळणारी मुलगी खिडकीजवळची खुर्ची सोडून आत सरकून बसली.

आणि चौथ्या सेशनला लढाई झाली ती तीन राउंडांत आटोपली.

तो घाटरस्त्यात हातात ग्लेव्ह (लांब दांड्याचं पातं) घेऊन उभा. पहिल्या राउंडला कोन ऑफ कोल्ड, गारठ्याचा मंत्र. आठ आठ-बाजूचे फासे, विझर्डचे (जादूगाराचे) ३२ एचपी, म्हणजे जीवाचे आकडे, एका दणक्यात गेले, रोग पण आडवी. मला वाटलं आता संपवतो की काय यांना. मग दुसऱ्या राउंडला मी स्वतःभोवती डार्कनेस, म्हणजे जादूचा अंधार, टाकली, म्हटलं जरा दम खाऊ दे राक्षसाला. क्लेरिकनं (मंत्रानं जखमा भरणारं पात्र) दोघांना उठवलं आणि उरलेल्यांनी त्या काळोखात घुसून त्याला अक्षरशः सोलला. फायटर खेळणारा माझा मावसभाऊ. त्यानं नॅचरल २०, म्हणजे फाशावर सरळ वीस, टाकला आणि मी भरात येऊन ओरडलो, ‘हात उडाला!’ मूळ नियमात असलं काही नाही हे मला माहीत होतं. पण टेबलावर असा जल्लोष झाला की खालच्या मजल्यावरून फोन आला. मग माघार कशी घेणार? १४ एचपी उरले होते, तो अदृश्य होऊन उडून गेला. हात रस्त्यावर.

आता ऐका. क्लेरिक खेळणारी रत्नागिरीची आहे. लढाई संपल्यावर सगळे खजिना शोधतायत आणि ही विचारते, ‘गावात मीठ मिळेल का?’ पुस्तकात मिठाचा भाव दिलाय, पौंडाला पाच तांब्याची नाणी. तिनं दोन सोन्याची नाणी मोजून चाळीस पौंड मीठ घेतलं, एक पिंप घेतलं आणि हात खारवून ठेवला. का, तर ‘वास येईल नाहीतर’. ते पिंप आता गाडीवर घालून पार्टी गावोगाव फिरतेय.

दोन प्रश्न. एक, लढाई इतकी फुसकी का झाली? दोन, या हाताचं काय करू? फेकून द्या म्हणू शकत नाही, त्यांचा जीव जडलाय त्याच्यावर.

नियमबहाद्दर

तीन चुका.

पहिली, तो जमिनीवर उभा होता. ओनीला ३० फूट उडता येतं आणि अदृश्य होणं त्याला हवं तितक्यांदा, फुकट. असा प्राणी रस्त्यात शस्त्र रोवून उभा कशाला राहील? टोल गोळा करतोय का?

दुसरी, अंधार. डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात दिसणं, जादूच्या अंधारात चालत नाही आणि ओनीकडे त्यापलीकडचं काही नाही. म्हणजे तू स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधलीस. दोघांनाही दिसत नाही म्हटल्यावर अॅडव्हान्टेज आणि डिसअॅडव्हान्टेज (दोन फाशांतला चांगला किंवा वाईट धरणं) एकमेकांना खाऊन टाकतात, फायटर नेहमीसारखा सरळ फासा टाकतो. वर डार्कनेस आणि इनव्हिजिबिलिटी दोन्हीला कॉन्सन्ट्रेशन लागतं, एक धरलं की दुसरं सुटतं.

तिसरी सगळ्यात मोठी. पळाला तो पळालाच. दर टर्नला त्याचे १० एचपी भरून येतात, आणि या आवृत्तीत ते आगीनं किंवा अॅसिडनं थांबत नाही. ट्रोल नावाच्या राक्षसाचं थांबतं, याचं नाही. १४ वरून ११० ला जायला दहा टर्न, म्हणजे एक मिनिट. तुमचे लोक मिठाचा भाव करत होते तेव्हा तो ठणठणीत होऊन डोक्यावर घिरट्या घालत असायला हवा होता. शॉर्ट रेस्ट, म्हणजे पात्रांची छोटी विश्रांती, एक तासाची असते. तेवढ्यात तो तीनदा येऊन जाईल. कोन ऑफ कोल्ड मात्र दिवसाला एकच, ती पहिल्या राउंडला उधळायची नसते.

तरी तुझं नशीब. तिसऱ्या आवृत्तीत याला चॅलेंज रेटिंग (किती अवघड याचा आकडा) ८ होतं आणि एचपी ३७. लोक नाव विचारायच्या आत मेलेला असायचा.

ओनीच्या तुटलेल्या हाताबद्दल पाचव्या आवृत्तीत काही नाही. तिसरीत आहे: तुटलेला अवयव खुंटाला एक मिनिट धरून ठेवला की जुळतो. नवीन उगवत नाही. ट्रोलला उगवतो, ओग्रे मेजला नाही. डोकं किंवा तसलाच नाजूक भाग असेल तर दहा मिनिटांची मुदत आहे. हातापायाला मुदत लिहिलेली नाही.

आणि ग्लेव्ह दोन हातांनी धरायचं शस्त्र आहे. तुझा राक्षस सध्या बिनकामाचा आहे.

सुकट_सोलकढी

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, मुलगा खेळतो म्हणून धागा उघडला. पण चाळीस पौंड म्हणजे अठरा किलो मीठ झालं. हात केवढा होता? नुसता वरून मिठात ठेवून भागत नाही, चिरा द्याव्या लागतात, नाहीतर आतून जातो. आणि सुटलेलं पाणी काढून टाकलं का?

घाटातला_डीएम

@सुकट_सोलकढी, ताई, राक्षस दहा फुटी, त्यामुळे हात साधारण माणसाच्या पायापेक्षा लांब. चिरांचं क्लेरिकला विचारतो.

@नियमबहाद्दर, बोचलं, पण बरोबर आहे. म्हणजे त्याला तोच हात हवा आणि तो यांच्याकडे. हे मला सुचायला हवं होतं.

इबाराकीकर

मी हा धागा गाडीत वाचला आणि माझं स्टेशन गेलं. तुमच्या टेबलावर जे झालं ते या प्राण्याच्या मूळ गोष्टीत झालेलं आहे, अगदी हातासकट.

मी जपानमध्ये, ओसाका आणि क्योतो यांच्या मधे इबाराकी नावाचं शहर आहे, तिथे राहतो. या शहराचा लाडका कोण, तर इबाराकी-दोजी नावाचा ओनी. एका पुलापाशी त्याचा पुतळा आहे. गोष्ट अशी सांगतात की तो इथल्या एका न्हाव्याकडे वाढला. एकदा वस्तरा लागून गिऱ्हाइकाला रक्त आलं, यानं ते बोटानं टिपलं आणि बोट चाटलं. चव आवडली. मग रोजच वस्तरा निसटायला लागला. एक दिवस पाण्यात तोंड पाहिलं तर ते ओनीचं झालेलं. तिथून तो डोंगरात गेला आणि शुतेन-दोजीच्या टोळीला मिळाला.

हा शुतेन-दोजी म्हणजे ओनींचा दादा. नावाचा अर्थच दारुडा पोरगा. क्योतोच्या वायव्येला ओए नावाचा डोंगर आहे, तिथे त्याचा अड्डा. मिनामोतो नो योरिमित्सु नावाचा सरदार आपल्या माणसांबरोबर डोंगरी संन्याशांच्या वेषात तिथे गेला, त्याला मंतरलेली दारू पाजली आणि झोपेत मुंडकं उडवलं. उडालेल्या मुंडक्यानं सरदाराच्या शिरस्त्राणाचा कडकडून चावा घेतला. (त्या भागात आता ओनींचं चक्क संग्रहालय आहे. दोन तास प्रवास करून गेलो होतो, वसूल.)

पण तुमच्या कामाची गोष्ट पुढची. योरिमित्सुच्या चार खास माणसांपैकी एक वातानाबे नो त्सुना. रात्री क्योतोच्या दक्षिणेच्या राशोमोन वेशीवर, काही जण म्हणतात मोदोरी पुलावर, त्याला एका ओनीनं केसांना धरून उचललं. त्सुनानं तलवारीनं त्याचा हात छाटला. ओनी उडून गेला. हात त्सुनाकडे राहिला.

त्यानं तो पेटीत घातला, दार लावलं आणि सात दिवस सोवळ्यात बसला, कुणाला आत घ्यायचं नाही. शेवटच्या दिवशी दारात एक म्हातारी. कुणी तिला मावशी म्हणतं, कुणी त्याला पाळून वाढवणारी आई. एवढ्या लांबून आले, तुला अंगाखांद्यावर खेळवलं त्याचं हे फळ का, म्हणून रडायला लागली. माय मरो पण मावशी जगो असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. त्यानं दार उघडलं. बोलता बोलता ती म्हणाली, तो हात बघू दे की जरा. बघितला, उचलला, म्हणाली हा माझा आहे, आणि छताची पाखं फोडून पसार. वातानाबे घराण्याची माणसं घराला तसली त्रिकोणी पाख ठेवत नाहीत, अशी समजूत त्यातून आली. योशितोशी नावाच्या चित्रकाराचं १८८९ चं चित्र आहे, म्हातारी हात घेऊन पळतेय. डीएमनं एकदा बघून घ्या, ते तोंड तुम्हाला वापरता येईल.

आता खेळाकडे या. ओग्रे मेज पहिल्यांदा आला १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकात त्याच्या नावापुढे जपानी ओग्रे असं स्पष्ट लिहिलंय. उडतो, अदृश्य होतो, माणसाचं रूप घेतो, धूर होतो, जखमा भरून येतात, पण तुटलेला अवयव परत जोडावा लागतो. ती शेवटची अट वाचली की मला तरी त्या म्हातारीचाच पदर दिसतो. नियमबहाद्दर म्हणतात ती तिसऱ्या आवृत्तीची ओळ तिथूनच खाली आली आहे. तुम्ही भरात येऊन ‘हात उडाला’ ओरडलात, ते नियमाबाहेरचं असेल, पण गोष्टीला धरून होतं.

म्हणून माझं म्हणणं, त्याला लढवू नका. त्याच्याकडच्या बाकीच्या गोष्टी एका ओळीत वाचा: माणसाचं रूप, मोहिनी, झोप, धूर. ही घरात शिरणाऱ्याची हत्यारं आहेत. स्लीप तुमच्या सहाव्या लेव्हलच्या पार्टीवर काही करणार नाही, सरासरी २२ एचपीपुरतीच ती, पण खानावळवाला, पहारेकरी आणि कुत्रं आरामात झोपेल. कुत्री भुंकत नव्हती ना? उत्तर तुमच्याच गोष्टीत आहे.

पिंपळावरचा

सगळं ठीक, पण जपानी राक्षस कशाला? आपला ब्रह्मराक्षस घ्या की. विद्वान माणूस, विद्येचा माज, मेल्यावर राक्षस, शिवाय मंत्र पाठ. यापेक्षा चांगला ओग्रे मेज कुठे मिळणार? त्या खेळात राक्षस म्हणून वाघाच्या तोंडाचं काहीतरी आहे, उलट्या पंजांचं, ते बघून तर मी पुस्तकच मिटलं.

इबाराकीकर

@पिंपळावरचा, घ्या ना, कुणी अडवलंय. पण ब्रह्मराक्षस झाडाला बांधलेला, वाटसरूला प्रश्न विचारणारा. हा दारोदार फिरणारा. स्वभाव वेगळा पडतो.

आणि जपानी म्हणून परका समजू नका. बौद्ध ग्रंथांबरोबर आपला राक्षस चीनमार्गे इथे आला, इथे त्याला रासेत्सु म्हणतात. यक्षाचा झाला याशा. ओनीच्या कमरेचं वाघाचं कातडं कुठून आलं हे तर मजेशीर आहे: इथे ईशान्य दिशा म्हणजे ओनींची वाट. बारा प्राण्यांच्या चक्रात त्या दिशेला बैल आणि वाघ येतात, म्हणून बैलाची शिंगं आणि वाघाचं कातडं. क्योतोच्या ईशान्येला हिएइ डोंगरावर एन्र्याकु-जी मठ आहे, तो या वाटेवरचा पहारा मानतात. आपण ईशान्येला देवघर करतो आणि हे लोक तिकडून भूत येईल म्हणून धास्तावलेले. माझ्या आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, घर बदल.

घाटातला_डीएम

इबाराकीकर, दंडवत. मी दोन दिवस ऑफिसात दुसरं काही केलेलं नाही.

पण अडचण आहे. माणसाचं रूप घेतलं तरी हात एकच ना? आमची पार्टी गेले दोन सेशन प्रत्येक थोट्या माणसाला संशयानं बघतेय. एका गरीब भिकाऱ्याला त्यांनी तासभर प्रश्न विचारलेत. बार्डनं त्याला गाणं म्हणायला लावलं.

नियमबहाद्दर

रूप बदललं की आकार सोडून आकडे तेच राहतात, एवढंच लिहिलंय. हाताचं तू ठरव. माझ्या टेबलावर एकच राहिला असता.

धूर होण्याचं मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण तू चुकणार आहेस. गॅशियस फॉर्म दिवसाला एकदाच. फटीतून धूर होऊन आत आलास, तर हात उचलायला मूळ रूपात यावं लागेल, कारण धुराला वस्तू हाताळता येत नाहीत. मग बाहेर धूर होऊन जाता येणार नाही. अंगावरचं सामान मात्र धुरात बरोबर जातं. म्हणजे आत यायचं दारातून, माणूस म्हणून, आणि जायचं धूर होऊन, हात काखोटीला मारून. आणि धुराचा वेग १० फूट. तीसचा नाही. म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं जातो तो. पार्टी मागे लागली तर खिडकीपर्यंत पोचायला दोन राउंड. विझर्डकडे गस्ट ऑफ विंड (जोरदार वाऱ्याचा मंत्र) असेल तर विचारूच नको.

इबाराकीकर

थोटा आणू नका, हात गळ्यात बांधलेला आणा. फायटरच्या ओळखीचा, ज्याच्यापुढे तो दार लावू शकत नाही असा कुणीतरी. मावशीच हवी असं नाही.

सुकट_सोलकढी

मला ती म्हातारीची गोष्ट फार आवडली. पण मिठाचं कुणीच बोलत नाहीये. किती दिवस झाले त्या हाताला?

इबाराकीकर

@सुकट_सोलकढी, ताई, बरं झालं काढलंत. इथे मीठ म्हणजे शुद्धी. सुमोचे पैलवान आखाड्यात उतरताना मूठभर मीठ उधळतात, अंत्यविधीहून आलेला माणूस घरात शिरण्याआधी अंगावर मीठ टाकून घेतो. ओनीला हाकलायला फेब्रुवारीच्या सुरुवातीला भाजलेले सोयाबीन फेकतात, ओनी बाहेर आणि लक्ष्मी आत, अशा अर्थाची आरोळी देत. पहिल्या वर्षी मी शेजाऱ्यांकडे ओनीचा कागदी मुखवटा घालून उभा राहिलो होतो, त्यांच्या चार वर्षांच्या पोरीनं डोळ्यात नेम धरून मारला. पण मूळ मुद्दा, तुमच्या रत्नागिरीकर क्लेरिकनं वासाला घाबरून जे केलं, ते इथल्या हिशोबानं हाताभोवती कडं आखण्यासारखं झालं. राक्षस अजून का आला नाही, याचं कारण तुम्हाला आयतं मिळतंय.

घाटातला_डीएम

शनिवारचा वृत्तांत.

फायटरच्या पूर्वायुष्यात एक म्हातारा कप्तान आहे, ज्यानं त्याला तलवार धरायला शिकवलं. दोन वर्षांपूर्वी मावसभावानं हे अर्ध्या ओळीत लिहून दिलं होतं आणि विसरला होता. मी विसरलो नव्हतो. पार्टी खानावळीत, बाहेर पाऊस, दारात कप्तान. उजवा हात गळ्यात बांधलेला, घोड्यावरून पडलो म्हणाला. त्याच्या तोंडी मी मावसभावाच्या खऱ्या क्रिकेट कोचची वाक्यं घातली. खांदा पाड. बघू नको, ऐक. तो खुर्चीतच ताठ झाला. तपासणीचा फासा टाकायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. रोगला सुचलं होतं, तिनं नंतर सांगितलं, पण ‘तो इतका खूश दिसत होता, कुठे मोडता घालू’.

कप्तानानं जेवण केलं. सगळ्यांची चौकशी केली. क्लेरिकला म्हणाला, मुली, हात खारवायची अक्कल तुझी का? ती फुगली. मग म्हणाला, मी पण आयुष्यात बरेच राक्षस पाहिले, पण हात एवढा मोठा असतो हे पटत नाही. आणि माझा मावसभाऊ, ज्यानं तो हात कमावला होता, स्वतः उठला, पिंपाचं झाकण काढलं, मीठ बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे धरला.

मी म्हटलं, ‘हा माझा आहे.’ एवढंच. टेबलावर तीन सेकंद कुणी श्वास घेतला नाही.

मग जो गोंधळ झाला तो सगळा नियमबहाद्दरांच्या भाकितानुसार. धूर झाला, धुराड्याकडे निघाला, दहा फूट, थांबला, दहा फूट. पाच जण एका संथ ढगावर तुटून पडलेले. बार्ड पुठ्ठ्यानं वारा घालायला लागला, खऱ्या पुठ्ठ्यानं, माझ्यासमोरचा डीएमचा पडदा घेऊन. विझर्डनं गस्ट ऑफ विंड टाकली आणि दिशा चुकवली, ढग पंधरा फूट नेमका धुराड्यात. तो गेला. मावसभाऊ घरी जाईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. रात्री एक वाजता मेसेज आला: ‘कोच सर वापरायला नको होते.’ आणि दोन मिनिटांनी: ‘भारी होतं.’

आता नवीन भानगड. रविवारी क्लेरिकचा फोन. म्हणते, हात तर एकवीस दिवस मिठात होता. त्यातलं पाणी सगळं गेलंय. तो जुळेलच कसा? बाकी चौघं पण तिच्या बाजूनं. जुळणार नाही असा निकाल द्या म्हणतात. काय करू?

नियमबहाद्दर

खुंटाला एक मिनिट. हातापायाला मुदत नाही. मिठाचा उल्लेख कुठेही नाही. जुळेल.

इबाराकीकर

शुद्धीचा विचार केला तर भाजायला हवा त्याला. पण न जुळलेला राक्षस गोष्टीतून संपला, म्हणून माझं मतही जुळेल असंच. काहीतरी खोट ठेवा मात्र.

सुकट_सोलकढी

यात कसला एवढा विचार? खारा बांगडा तव्यावर टाकायच्या आधी पाण्यात घालतातच ना, तेव्हा फुगतो की परत. मासा मासाच राहतो. तो हात अंगाला लागला की अंगातलं पाणी ओढून घेणार. जुळेल, हलेल, सगळं होईल. पण तो राक्षस रात्रंदिवस पाणी पाणी करत फिरेल. कुठलंही रूप घेऊ दे, जेवायला बसला की आधी तांब्या रिकामा करणार.

घाटातला_डीएम

ताई.

म्हणजे यापुढे कुठल्याही गावात, कुणीही जास्त पाणी पिताना दिसलं की…

इबाराकीकर

आणि त्याच्या दादाचं नाव दारुडा पोरगा. मी आता काही बोलत नाही, मला शिकवण्यासारखं उरलेलं नाही.

नियमबहाद्दर

मान्य. नियमात बसतं. रूप बदललं तरी तहान तीच राहील.

घाटातला_डीएम

पुढचं गाव ठरलं. लग्नघर. दीडशे पाहुणे, उन्हाळा, आणि विहिरीला पाणी कमी. प्रत्येक जणच तहानलेला. बघू कसे ओळखतात.

सुकट_सोलकढी

मग तसे ओळखू येणार नाहीत. त्याच्या सदऱ्याची उजवी बाही बघायला सांग. घाम वाळला की तिथे पांढरं मीठ फुटलेलं असेल, एकाच काखेत.